न फवारलेला ढग

(वैजापूर येथे माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न दिला आहे.)

विषय फळ्यावर लिहिलाय, ‘विज्ञानाच्या प्रयोगातील चल आणि नियंत्रण’. विषय वाचूनच दोन-तीन पालकांनी घड्याळ बघितलं, ते मला इथून दिसलं. (हशा) बसा, ढगापर्यंत जायचंय आपल्याला.

मी आज टीका करणार आहे ती एका पुस्तकावर. त्याला लेखक नाही, प्रकाशक नाही, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक दप्तरात ते आहे. ते पुस्तक म्हणजे मुलांची प्रयोगवही. उद्देश, साहित्य, कृती, आकृती, निरीक्षण, निष्कर्ष. डाव्या पानावर पेन्सिल, उजव्या पानावर पेन. मी बऱ्याच वह्या चाळल्या आहेत आणि त्यांच्यात एक गोष्ट मला सारखी खटकते. एकाही वहीत प्रयोग फसलेला नाही. चाळीस मुलांच्या चाळीस वह्या, निरीक्षण एक, निष्कर्ष एक, शब्दही तेच. कारण निष्कर्ष आधी लिहिलेला असतो, प्रयोग नंतर होतो. कधी कधी होतच नाही.

मराठीत ‘प्रयोग’ शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि ते आपल्या कामाचे आहेत. नाटकाचाही प्रयोग असतो. तिथे शेवट काय होणार हे नटाला माहीत असतं, पडदे ओढणाऱ्याला माहीत असतं, पुष्कळदा प्रेक्षकालाही माहीत असतं. प्रयोग चांगला झाला म्हणजे ठरल्याप्रमाणे झाला. माझं म्हणणं असं की शाळेत आपण विज्ञानाचा जो प्रयोग करतो तो नाटकाच्या अर्थाने करतो. आणि तो तसा केला की चल, नियंत्रण हे शब्द मुलाला शिकवताच येत नाहीत. पाठ करून घेता येतात. ‘जो घटक आपण बदलतो तो स्वतंत्र चल, जो मोजतो तो अवलंबी चल, उरलेले स्थिर.’ एक गुण मिळतो.

एक प्रयोग उदाहरणाला घेऊ, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. लोखंडाच्या गंजण्याचा. तुमच्यापैकी प्रत्येकाने तो करून घेतलाय.

तीन परीक्षानळ्या. पहिलीत खिळे आणि साधं पाणी. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी, त्यात खिळे, आणि वर तेलाचा थर. तिसरीत कोरडे खिळे आणि कॅल्शियम क्लोराइडचे खडे, बूच घट्ट. काही दिवसांनी पहिल्या नळीत गंज, बाकी दोन स्वच्छ. निष्कर्ष, लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात.

हा प्रयोग मला फार आवडतो. आपल्या पुस्तकांत जे मोजके खरे प्रयोग आहेत त्यांतला हा एक. यात एक सोडून तीन नळ्या आहेत, म्हणजे तुलना आहे. आणि तरीही आपण तो असा शिकवतो की त्यातली तुलनाच मरते. मुलाला विचारा, पाणी का उकळलं? ‘कृतीत दिलंय म्हणून.’ उकळलं ते पाण्यात विरघळलेली हवा घालवायला. तेल का ओतलं? बाहेरची हवा परत विरघळू नये म्हणून. इथपर्यंत चांगले शिक्षक सांगतात. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो प्रश्न शेतकऱ्याचं पोरगं विचारू शकतं, कारण त्याच्या घरी विळ्याला, पंपाच्या नटाला तेलाचं बोट लावतात. कशासाठी? गंज चढू नये म्हणून. मग गुरुजी, दुसऱ्या नळीत गंज चढला नाही तो हवा नव्हती म्हणून, का तेल होतं म्हणून? पहिल्या आणि दुसऱ्या नळीत आपण एक गोष्ट बदललीच नाहीये. दोन बदलल्या आहेत, पाणी उकळलं आणि तेल घातलं. फरक दिसला तर तो कोणाच्या नावावर टाकायचा?

याचं उत्तर बोलून मिळत नाही. चौथी नळी लावावी लागते. साधं पाणी, न उकळलेलं, आणि वर तेल. तेलच गंज थांबवत असेल तर हीसुद्धा स्वच्छ राहील. हवेचा प्रश्न असेल तर पाण्यात आधीच विरघळलेल्या हवेपुरता थोडा तरी गंज इथे यायला हवा. पाचवीही लावता येईल, उकळलेलं पाणी बिनतेलाचं. खर्च किती? दोन नळ्या आणि आठ-दहा खिळे. पण वहीत चौथ्या नळीला आकृतीची जागा नाही, म्हणून ती लावली जात नाही. आणि तो प्रश्न विचारणाऱ्या पोराला आपण म्हणतो, ‘बस खाली, पोर्शन राहिलाय.’

आता ‘नियंत्रण’ हा शब्द. माझी याच्याबद्दल जुनी तक्रार आहे. नियंत्रण म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे वाहतूक पोलीस येतो. काहीतरी ताब्यात ठेवायचं. पण जो न बदललेला नमुना आपण बाजूला ठेवतो, तो कोणाला ताब्यात ठेवत नाही. इंग्रजीतल्या ‘कंट्रोल’चं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या एका शब्दात आहे, त्याचा अर्थ उलटतपासणीची नोंदवही. हिशेबाची एक वही आणि तिच्याशी पडताळायला ठेवलेली दुसरी. म्हणजे आपल्या भाषेत ताळा. बेरीज केली, ताळा करून बघितला. वैजापूरच्या बाजार समितीत कांदा आणणाऱ्या माणसाला हे समजवावं लागत नाही. वजनाचा संशय आला की तो दुसऱ्या काट्यावर जातो. पहिल्या नळीला ‘ताळ्याची नळी’ म्हणा, पोरं लगेच विचारतील, कशाचा ताळा? तिथून धडा सुरू होतो. समितीने ठरवलेली परिभाषा परीक्षेत लिहायलाच लागेल, ती लिहू द्या. पण समजवताना ताळा म्हणा.

शेतातही हाच घोटाळा आहे, तो थोडक्यात सांगतो. कंपनीचा प्रात्यक्षिक प्लॉट असतो. कपाशीत अमुक औषध, बघा बोंडं किती लागलीत. शेजारच्या रानात बघा, काहीच नाही. फरक डोळ्यांना दिसतो, खोटा नसतो. पण प्लॉट कुठे असतो? डांबरी रस्त्याला लागून. कोणाचा असतो? ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि जो खुरपणी वेळेवर करतो त्याचा. औषध, पाणी, माती, माणूस, सगळं बदललंय आणि श्रेय एकट्या बाटलीला. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे ही दोन मराठी नावं शेतकी कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. शेतीतल्या प्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक 1954 साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. त्यातली मूळ शिस्त साधी आहे. रानाचे सारखे तुकडे पाडा. कोणत्या तुकड्याला काय द्यायचं ते तुम्ही ठरवू नका, चिठ्ठी ठरवेल. आणि एकदा करून थांबू नका, तेच पुन्हा पुन्हा लावा.

चिठ्ठी ठरवेल, हे लक्षात ठेवा. आपण आता ढगाकडे जाणार आहोत.

तिसऱ्या नळीतलं कॅल्शियम क्लोराइड आठवतंय? ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून खिळे कोरडे राहतात. हेच कॅल्शियम क्लोराइड कृत्रिम पावसाच्या नळकांड्यांत असतं. विमान ढगाच्या तळाशी जातं, नळकांडी पेटवतं, बारीक कण वर चढतात, ओल ओढतात, थेंब मोठे होतात. जास्त उंचीवरच्या थंड ढगांसाठी सिल्व्हर आयोडाइड वापरतात. म्हणजे शाळेच्या कपाटातली बरणी आणि आपल्या डोक्यावरचं विमान यांचा थेट संबंध आहे.

2015 साली आणि पुन्हा 2019 साली शासनाने मराठवाड्यात कृत्रिम पावसाची मोहीम काढली. रडार औरंगाबादेत, विमान चिकलठाण्याहून. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी ऑगस्टात आभाळाकडे बघत बसलेली माणसं, टँकरच्या रांगा. दुसऱ्या दिवशी बातमी यायची की अमुक भागात फवारणी झाली, अमुक मंडळात इतके मिलिमीटर पाऊस. आणि मथळा? ‘कृत्रिम पावसाचा प्रयोग’. पुन्हा तोच शब्द.

आता शिक्षक म्हणून बघा. विमान गेलं, पाऊस पडला. विमान गेलं नसतं तर? विमान पाठवताना बघतात तरी काय? रडारवर चांगला, भरलेला, वाढणारा ढग. म्हणजे जो ढग स्वतःहूनही बरसण्याची शक्यता जास्त, त्याच्याकडेच विमान जातं. डांबरी रस्त्यालगतचा प्लॉटच झाला की हा! पडलेला पाऊस औषधाचा का ढगाचा, हे सांगायला त्याच दिवशीचा, तसाच भरलेला आणि न फवारलेला ढग जवळ पाहिजे. चिठ्ठी टाकून सोडलेला.

आणि गंमत बघा, आपल्याकडे याच्या उलटंही बोललं जातं. ‘विमान फिरलं आणि आलेले ढग पळाले.’ चावडीवर ऐकलं असेल तुम्ही. कार्यालयातला माणूस म्हणतो विमानाने पाऊस पाडला, पारावरचा म्हणतो विमानाने पाऊस पळवला. शिकलेला पहिल्यावर विश्वास ठेवतो आणि दुसऱ्याला हसतो. मला या दोघांत फारसा फरक दिसत नाही. दोघांकडेही दुसरी नळी नाही. आणि हसणाऱ्याला मी विचारतो, तुझ्या वहीत होती का?

कोणी म्हणेल, अहो ढगाचा कसला ताळा करता, ढग काय परीक्षानळीत बसतो? तर करून दाखवलेलं आहे. आणि लांब नाही, गोदावरी ओलांडली की जो जिल्हा लागतो तिथून बारामतीपर्यंतच्या अवर्षणाच्या पट्ट्यात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 1973, 1974, 1976 आणि मग 1979 ते 1986 असे अकरा पावसाळे हा प्रयोग केला. या प्रयोगाची रचना मला प्रत्येक नववीच्या वर्गात फळ्यावर काढलेली बघायची आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सुमारे 4800 चौरस किलोमीटरचा प्रदेश. त्याचे तीन पट्टे, प्रत्येकी 1600 चौरस किलोमीटर. उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मधला. फवारायचं काय? बारीक दळलेलं मीठ, त्यात संगजिऱ्याची थोडी भुकटी, म्हणजे मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत. फवारणीच्या दिवशी उत्तर का दक्षिण हे वैमानिक ठरवत नाही, शास्त्रज्ञाचं मनही ठरवत नाही. सोडतीने ठरलेलं असतं. एका पट्ट्यावर मीठ, दुसरा ताळ्याला. मधला पट्टा कोणालाच नाही. मुलांना विचारा, मधला पट्टा वाया का घालवला? एखादा सांगेल, ‘वाऱ्याने मीठ पलीकडे जाऊ नये म्हणून.’ शाब्बास. शेजाऱ्याच्या फवारणीचा तुषार आपल्या मेथीवर येतो, हे ज्याने बघितलंय तो हे सांगणारच.

पुढचा प्रश्न अवघड आहे. समजा उत्तरेकडे मुळातच दक्षिणेपेक्षा जास्त पाऊस पडत असेल, डोंगर आहेत, वाऱ्याची दिशा आहे. मग? म्हणून अदलाबदल. काही दिवस उत्तरेला मीठ आणि दक्षिणेला नाही, काही दिवस उलट. दोन्हीकडची तुलना जोडीने करायची. जागेचा गुण दोन्ही पारड्यांत सारखा पडतो आणि रद्द होतो. कबड्डीत मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना, तसंच. अशा 160 जोड्या जमायला अकरा पावसाळे लागले. निघालं काय? फवारलेल्या बाजूला सरासरी 24 टक्के जास्त पाऊस. आणि त्याच्यासोबत आणखी एक आकडा, 4 टक्के. त्याचा अर्थ असा की मिठाने काहीच होत नसतं, तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार. म्हणजे शास्त्रज्ञांनी आपला निकाल सांगितला आणि त्यालाच जोडून तो किती डळमळीत असू शकतो तेही सांगितलं. प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’च्या खाली असा रकाना मी आजवर बघितलेला नाही.

याच संस्थेने पुढे सोलापूरकडे 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत असाच प्रयोग केला. निवडलेले काही ढग सोडतीने फवारले, काही तसेच सोडले, आणि सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास वाढ मांडली. साल बघा, 2019. त्याच पावसाळ्यात चिकलठाण्याहून विमान उडत होतं. दोन्हींना वर्तमानपत्रात शब्द एकच, ‘प्रयोग’.

इथे एक आक्षेप येतो आणि तो साधा नाही. 1973 म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या लगेच नंतरचं साल. माणसं खडी फोडत होती. अशा मुलखात जाऊन शास्त्रज्ञ म्हणतात, आज दक्षिणेच्या पट्ट्याला मीठ नाही. ज्यांच्या डोक्यावरून विमान न फवारता परतलं, त्यांना काय सांगायचं? 2019 ला शासनाने म्हटलं असतं, की ढग आले तरी अर्धे आम्ही मुद्दाम सोडणार, तर विभागीय आयुक्तांच्या कार्यालयावर मोर्चा गेला असता. मी असतो तर मीही गेलो असतो कदाचित. ताळा फुकट होत नाही. त्याची किंमत कोणीतरी भरतं.

सर्वांत कठीण उदाहरण प्लेगचं आहे. 1896 ला मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात 1898 साली एक तपासणी झाली. घराघरातली काही माणसं टोचली, काही टोचली नाहीत. एकाच घरातली, एकच चूल, एकच अंगण, तेच उंदीर. फक्त लस वेगळी. टोचलेल्या 71 जणांपैकी 3 गेले. न टोचलेल्या 64 जणांपैकी 26 गेले. लस चालते हे यापेक्षा स्वच्छ दाखवता येत नाही, आणि ते 26 हा त्या स्वच्छपणाचा भाग आहे. आज असा प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आता आधी संमती लागते, नीतिसमिती असते, फरक स्पष्ट दिसायला लागला तर मध्येच थांबवता येतं. पण लस, औषध, बियाणं, पाऊस, ज्याच्या त्याच्या जाहिरातीत ‘प्रयोगाने सिद्ध’ असं येतं, तेव्हा दुसऱ्या बाजूला कोण होतं हे विचारायची सवय आपल्या मुलाला कुठे लागणार? दहावीनंतर बहुतेकांचा विज्ञानाशी संबंध सुटतो. तीन नळ्यांचा तो तास, तेवढीच संधी.

विज्ञान प्रदर्शनांबद्दलही दोन शब्द बोलतो, कारण तुम्ही परीक्षक म्हणून जाता. तालुक्याच्या प्रदर्शनात टेबलांवर काय असतं? पवनचक्की, ज्वालामुखी, पाणी वाचवा, पुठ्ठ्याचं धरण, हल्ली सेन्सर लावलेली कचरापेटी. मुलांचे हात चालतात, याचा आनंद आहे. पण प्रतिकृती म्हणजे प्रयोग नाही. ‘आमच्या गल्लीतल्या दोन हातपंपांच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ वेगवेगळा का लागतो’ असं घेऊन आलेली मुलगी कोपऱ्यात उभी असते, तिच्या टेबलावर दिवा लागत नाही, चाक फिरत नाही. तिला शेवटी एवढंच विचारा, डाळ एकाच पिशवीतली होती का? भांडं तेच होतं का? आच तेवढीच होती हे कशावरून? ती उत्तर देऊ शकली तर पहिला नंबर तिचा. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत असल्या प्रकल्पांना जागा असते, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेतही मुलांना कृतिसंशोधन करावं लागतं. पण तिथवर किती पोहोचतात? बाकीच्यांनी कचरापेटीच बघायची.

मी थांबतो. प्रश्न घ्या.

प्रश्न (एक शिक्षिका): सर, ऐकायला हे छान आहे. पण माझ्या वर्गात बासष्ट मुलं आहेत, परीक्षानळ्या अकरा, आणि चौथ्या नळीला परीक्षेत गुण नाहीत. आम्ही नेमकं करायचं काय?

उत्तर: मॅडम, तुमचं बरोबर आहे आणि बासष्ट ऐकून माझी नळ्यांवरची सगळी बडबड थोडी पातळ झाली. (हशा) नळ्या सोडा मग. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा घरोघरी पेरणीची धांदल असते. कृषी विभाग सांगतो की सोयाबीन पेरण्याआधी घरच्या बियाण्याची उगवण बघा. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि पाच-सात दिवसांनी मोड मोजायचे. सत्तरच्या वर आले तर पेरायला हरकत नाही. हा प्रयोग वर्गात करा, फक्त दोन गोणपाटं घ्या. एकातल्या बियाण्याला बीजप्रक्रिया, एकाला नाही. बाकी सगळं सारखं. काय काय सारखं ठेवावं लागेल याची यादी तुम्ही देऊ नका, त्यांनाच करू द्या. पहिल्या दिवशी चार गोष्टी सुचतील, तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणेल, ‘बाई, ते गोणपाट दारापाशी आहे, त्याला ऊन लागतं.’

दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. पहिली, दाणे वाटताना. मूल चांगले टपोरे दाणे नकळत औषधाच्या ढिगात टाकतं, कारण ते जिंकावं असं त्याला वाटत असतं. म्हणून ढीग आधी करायचे आणि कुठल्या ढिगाला औषध ते नंतर चिठ्ठीने. दुसरी, मोड मोजताना. मोजणाऱ्याला कुठलं गोणपाट कुठलं हे माहीत नको. अर्धवट मोड आलेला दाणा मोजायचा का सोडायचा, तिथे मन पक्षपात करतं. बीजप्रक्रिया केलेल्या दाण्यांना रंग असतो, तेव्हा साध्या दाण्यांनाही खाण्याचा रंग लावा म्हणजे ओळखू येणार नाहीत. तो रंग लावायची गरज का पडली, यावर एक अख्खा तास जाईल. जाऊ द्या.

आणि समजा दोन्हीकडे सारखेच मोड आले, तर वहीत तसंच लिहू द्या आणि गुण पूर्ण द्या. गोणपाट कोणाच्याही घरी मिळेल. बियाण्याला औषध लावायचं काम तुम्ही करा, हातमोजे घालून, ते मुलांच्या हातात देऊ नका. चिठ्ठ्या मात्र त्यांनाच करू द्या.